नवख्या देशात गाडीचा विमा : ओळख नसण्याची किंमत



मागच्या व्याख्यानात आपण 'प्रमाण म्हणजे काय' यावर बोललो होतो. ते संपल्यावर दोन-तीन पालक आमच्याजवळ येऊन थांबले. आम्हाला वाटलं, अनुमानाबद्दल काही शंका असेल. तर एक जण म्हणाले, "सर, पोरगं इंग्लंडला नोकरीला लागलंय. जुनी गाडी घ्यायचीय. पण विम्याचा आकडा ऐकून आम्हालाच इथं घाम फुटला. एवढा कसा असेल?"

आम्ही त्यांना त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. घरी जाताना मात्र लक्षात आलं, की हा प्रश्न प्रमाणाचाच आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी घरचं उदाहरण सांगतो. आमचा एक पुतण्या. इथून टोमॅटोचा पिकअप घेऊन अकरा वर्षं वाशीला जात होता. माळशेज घाट, पावसाळ्यातलं धुकं, रात्रीचा प्रवास, सगळं केलं. एक खरचटा नाही. पुढे तो इंग्लंडात नोकरीला गेला. रात्रपाळी होती, त्या वेळेला बस नाही, म्हणून स्वस्तातली जुनी गाडी बघितली. विम्याची चौकशी केली तर वर्षाचा हप्ता गाडीच्या निम्म्या किमतीला भिडला. त्याने विचारलं, "माझी अकरा वर्षं?" उत्तर आलं, "इथली किती?" तो म्हणाला, "शून्य." संपलं. फोनवर आम्हाला म्हणाला, "काका, अकरा वर्षांचा अनुभव विमानतळावर काढून ठेवावा लागला."

त्याचा राग खरा होता. पण रागाने हप्ता कमी होत नाही. तो कशामुळे वाढतो ते आधी समजून घ्यावं लागतं.

विमा गाडीचा की माणसाचा?

आपल्याकडे गाडीचा विमा काढताना काय विचारतात? मॉडेल कोणतं, किती सालचं, इंजिन किती सीसीचं. चालवणारा कसा आहे हे सहसा कोणी विचारत नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे, आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा. खासगी मोटार १००० सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी असेल तर ३४१६ रुपये, त्याच्या वर ७८९७ रुपये. गाडी अठरा वर्षांच्या मुलाने चालवली काय किंवा साठ वर्षांच्या आजोबांनी चालवली काय, दर तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत. पण मूळ हिशेब गाडीचा.

इंग्लंडमध्ये, जर्मनीत, अमेरिकेत हिशेब माणसापासून सुरू होतो. वय किती, लायसन कुठलं आणि किती वर्षांचं, राहता कुठे, गाडी रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती मैल चालवणार, मागे क्लेम केला होता का. गाडीही बघतात, पण तिच्याबरोबर हे सगळं येतं.

म्हणून आपला माणूस तिकडे गेला की गोंधळतो. त्याला वाटतं, गाडी स्वस्त आहे तर विमाही स्वस्त असेल. कंपनीला गाडीची काळजी कमीच असते. तिला काळजी असते ती त्या गाडीने कुणाला धडक बसली तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईची. आणि धडक बसण्याची शक्यता किती, हे चालवणाऱ्यावरून ठरतं. त्या चालवणाऱ्याबद्दल तिच्याजवळ एका ओळीचीही माहिती नसते.

कंपनी कसं अनुमान करते

इथे आपलं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान बरोबर. पण उलट, 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो लाकूड ओलं असतं म्हणून. नैयायिक या ओल्या लाकडाला 'उपाधी' म्हणतात. म्हणजे खरं कारण वेगळंच, आपण भलत्याला चिकटलेलो.

आता कंपनीचं अनुमान बघा. 'हा नवखा आहे, म्हणून याला अपघाताचा धोका जास्त.' यातली उपाधी कोणती? परका असणं हे कारण नाही. तिथले रस्ते, तिथल्या खुणा, बर्फ, राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याची शिस्त, यांची सवय नसणं हे कारण. ज्याला सवय झाली तो नवखा असूनही धोक्याचा नाही. पण सवय झाली की नाही, हे कंपनीला बाहेरून दिसत नाही. मग ती सगळ्या नवख्यांना एका गटात टाकते आणि गटाचा हप्ता लावते.

हे न्याय्य आहे का? प्रश्न सोपा नाही. जॉन व्हेन नावाचा इंग्रज तर्कशास्त्रज्ञ होऊन गेला, शाळेत संचांच्या वर्तुळाकृती काढतो ना आपण, त्यांचा कर्ता. त्याने १८६६ साली संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात एक अडचण दाखवली. एकच माणूस असंख्य गटांत बसतो. आमचा पुतण्या 'नवखा' या गटातला, तसाच 'अकरा वर्षं विनाअपघात' या गटातला, 'रात्रपाळीवाला' या गटातलाही. कोणत्या गटावरून त्याची शक्यता मोजायची? आकडे हे आपोआप सांगत नाहीत. ते कोणीतरी ठरवतं.

आणि ठरवलेलं बदलतासुद्धा येतं. युरोपात तरुण मुलींना विमा मुलांपेक्षा स्वस्त मिळायचा, कारण आकडेवारी तसं सांगत होती. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की स्त्री-पुरुष या भेदावर हप्ता ठरवता येणार नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. आकडे खरे होते, तरी तो गट वापरायचा नाही असं समाजाने ठरवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये 'प्रपोझिशन १०३' मंजूर केलं. हप्ता मुख्यतः माणसाची वाहन चालवण्याची नोंद, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षं यांवर ठरावा, असं त्यात आहे. इतर बऱ्याच राज्यांत कर्जफेडीचा इतिहास, म्हणजे क्रेडिट स्कोअरही बघतात. नुकत्याच उतरलेल्या माणसाला तो नसतोच, कारण त्याने तिथे कधी कर्जच घेतलेलं नसतं. चोख माणूसही तिथे कोऱ्या पाटीचा ठरतो.

जर्मनीत तर या पाटीला नाव आणि आकडा आहे. विनाक्लेम वर्षांप्रमाणे वर्ग असतात, 'एसएफ' म्हणतात त्यांना. नवा माणूस तळाच्या वर्गात सुरू होतो, आणि क्लेम नसेल तर वर्षागणिक वर चढतो.

शुद्धिपत्र

मंडळी, आळेकरांना हे नवीन वाटू नये. परंपरा काय सांगते? संन्याशाची मुलं म्हणून चार भावंडांना आळंदीत उभं करेनात. सांगितलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, आणि त्या रेड्याची समाधी आपल्या गावात आहे. गुण अंगात असून भागत नाही, समोरच्याला पटेल असा पुरावा लागतो, ही गोष्ट आपल्या वेशीतच आहे.

आपल्या पोरांजवळ रेडा नाही. कागद आहेत. ते इथून निघायच्या आधी गोळा करायचे.

पहिली गोष्ट, इथल्या विमा कंपनीकडून इंग्रजीत पत्र घ्यायचं. पॉलिसी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, कोणाच्या नावावर होती, क्लेम झाला की नाही. इथे आपल्या घराघरात एक घोटाळा असतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा. नो क्लेम बोनस हा पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा, म्हणून सगळी पुण्याई वडिलांच्या खात्यात. आमच्या पुतण्याचं हेच झालं. पिकअप भावाच्या नावावर. ज्याला पुढे बाहेर जायचंय त्याच्या नावावर निदान एक गाडी आणि तिचा विमा आधीपासून असू द्या.

दुसरी, आरटीओकडून लायसनचा उतारा. त्यात लायसन पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख असते. आंतरराष्ट्रीय परवानाही काढावा, तो एक वर्षाचा असतो. पण तो तुमच्या लायसनची ओळख पटवणारा कागद आहे, कौशल्याचा दाखला नव्हे.

हे कागद सगळ्याच कंपन्या मानतील असं नाही. तिथल्या काही परदेशातली विनाक्लेम वर्षं मोजतात, बऱ्याच मोजत नाहीत. म्हणून एकीने नाही म्हटलं की थांबायचं नाही, विचारत राहायचं.

तिथे गेल्यावर

पहिलं काम, तिथलं लायसन. इंग्लंडमध्ये राहायला गेल्यावर आपलं लायसन बारा महिने चालतं. मग थांबतं, आणि भारताचं लायसन तिथे नुसतं बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची. बहुतेक जण शेवटच्या महिन्यापर्यंत थांबतात. तसं करू नये. तिथलं लायसन हातात आलं, की 'याला इथले नियम येतात' याचा पहिला पक्का पुरावा कंपनीला मिळतो, आणि हप्त्याचा आकडा सहसा खाली येतो. उपाधी दूर झाली ना!

दुसरं, गाडी घेण्याआधी तिच्या विम्याची चौकशी. तिथे मोटारींचे विम्यासाठी १ ते ५० असे गट करण्याची पद्धत आहे. खालच्या गटातली लहान इंजिनाची गाडी बघावी. गाडी घरी आणून मग विमा शोधणं म्हणजे मुहूर्त ठरवून मग मुलगी बघण्यासारखं.

तिसरं, पाच-सहा ठिकाणचे दर एकाच दिवशी, एकाच माहितीवर ताडून बघावेत. नुसता थर्ड पार्टी स्वस्त असणार असं धरून चालू नका. तिथे पुष्कळदा संपूर्ण विमाच त्याच्यापेक्षा कमी पैशांत मिळतो. जमलं तर वर्षाचे पैसे एकदम भरावेत, मासिक हप्त्यावर बहुधा व्याज लागतं. नुकसानीतली पहिली काही रक्कम आपण सोसायची कबूल केली, तर हप्ता उतरतो. पण ती रक्कम खरंच खिशातून देता येईल एवढीच ठेवावी.

चौथं, गाडीत बसवायचं यंत्र. वेग, ब्रेक, प्रवासाची वेळ याची नोंद ते कंपनीला पाठवतं. पाळत ठेवल्यासारखं वाटतं, खरं आहे. रात्रपाळीवाल्याला रात्रीच्या प्रवासाचा तोटाही होऊ शकतो, तेव्हा अटी वाचून घ्याव्यात. पण ज्याच्याजवळ दुसरा पुरावा नाही, त्याला रोज थोडा थोडा पुरावा साठवायची ती सोय आहे.

आणि पाचवं, पहिलं वर्ष सांभाळणं. एक वर्ष क्लेम न होता गेलं, की हातात तिथला कागद येतो. आमच्या पुतण्याचा हप्ता दुसऱ्या वर्षी बराच उतरला. तोच माणूस, तीच गाडी. फक्त आता कंपनी त्याला थोडं ओळखत होती.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, तिथे आमचा भाचा दहा वर्षांपासून आहे. त्याच्या नावावर पॉलिसी काढली आणि मुलाला दुसरा चालक म्हणून दाखवलं तर?*

भाचा खरोखर ती गाडी मुख्यतः चालवत असेल तर काही हरकत नाही. पण गाडी मुलाची, चालवणार मुलगा, नाव फक्त भाच्याचं, तर ती फसवणूक आहे. आमच्या पुतण्यालाही एका मित्राने हाच मार्ग सुचवला होता. तिथला २०१२ चा कायदा सांगतो, की जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते. धडक बसलेल्याला भरपाई द्यावी लागली, तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. आणि 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का' हा प्रश्न पुढे प्रत्येक कंपनी विचारते. विमा नसताना गाडी चालवली तर ३०० पौंड दंड आणि लायसनवर ६ गुण. तिथे पहिलं लायसन मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ गुण झाले, की लायसनच जातं. ओळख मिळवायला निघालेल्या माणसाने सुरुवातच खोट्या ओळखीने केली, तर मागे काय उरलं?

*प्रश्न : आणि परत आला तर? तिथली वर्षं इथे वाया?*

नाही. आपल्या मोटार टॅरिफच्या नियमांत तरतूद आहे. परदेशात मिळवलेल्या नो क्लेम बोनसचा पुरावा दाखवला, आणि तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला, तर इथल्या दराप्रमाणे तो बोनस मिळू शकतो. येताना ते पत्र विसरू नये.

*प्रश्न : एवढं महाग, तर लोक विम्याशिवायच चालवणार ना?*

चालवतात, इथेही चालवतात. पण आपल्या आळेफाट्यावर उभं राहून बघा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. तिथे एखाद्या मजुराला विमा नसलेल्या गाडीने उडवलं, आणि चालवणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. घरच्यांनी कोर्टात जाऊन मिळवायचं कोणाकडून? थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच. तो आपण न पाहिलेल्या त्या माणसासाठी असतो. आपलं पोर तिकडे परकं आहे हे खरं. पण रस्त्यावर त्याच्या गाडीसमोर येणारा माणूसही त्याला परकाच आहे, आणि त्या माणसाला आपल्या पोराची हमी हवी आहे. ती देण्यासाठी काही वर्षं जास्त पैसे मोजावे लागले, तर ते पूर्ण वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही.

कागद मात्र इथूनच गोळा करून द्या. थांबतो.