बिल्ला आणि खण

माझ्या टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप पडलेला असतो. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आत 8 जीबी रॅम, 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि डेबियन लिनक्स. घरातल्या सगळ्यांच्या फायली याच्यावर. परवा लॅपटॉपवरून त्यावर एक व्हिडिओ कॉपी होत असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर, राउटर इन्व्हर्टरवर, डेस्कटॉप मात्र बंद. कॉपी होता होता थिजली. वीस मिनिटांनी वीज आली, डेस्कटॉप आपणहून सुरू झाला आणि कॉपी होती तिथून पुढे सरकली. मी माउससुद्धा हलवला नव्हता.

करामत डेस्कटॉपची नाही, एनएफएसची. म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमची. सन मायक्रोसिस्टिम्सने ती 1984 मध्ये रचली. (सनच्या संस्थापकांपैकी विनोद खोसलांचा जन्म पुण्याचा, तेवढाच आपला संबंध.) दुसऱ्या मशिनवरची डिस्क आपलीच वाटावी, एवढाच हेतू. सनने तिचे नियम खुले ठेवले, म्हणून ती सगळीकडे पोचली. आज लिनक्सच्या कर्नलमध्येच तिचा सर्व्हर फुकट मिळतो.

देवळाबाहेर चपला सांभाळणारा आठवा. त्याला तुमचा चेहरा आठवत नाही, आठवायची गरजही नाही. बिल्ल्यावरचा नंबर आणि खण जुळला की झालं. तो चहाला गेला, जागी भाऊ बसला, तरी बिल्ला चालतो. एनएफएसचा सर्व्हर मुळात असाच विसरभोळा. कोणी कोणती फाइल उघडली आहे याची नोंद तो ठेवत नाही. फाइल हँडल नावाचा बिल्ला देतो आणि विसरतो. वाचायचं कुठून, किती, हे दर वेळी मागणाऱ्याने सांगायचं. फाइलच कुणी पुसली, तर बिल्ला हातात राहतो आणि 'स्टेल फाइल हँडल' अशी तक्रार येते. चौथ्या आवृत्तीपासून सर्व्हर नोंदी ठेवू लागला. मी अजून तिसरीच वापरतो.

स्वस्त मशिन पुरतं ते या विसरभोळेपणामुळे. ते अधूनमधून मरणार, हे गृहीतच आहे. वेगाचं म्हणाल, तर गिगाबिट केबलमधून सेकंदाला 125 एमबीपेक्षा जास्त जात नाही, आणि सलग मोठी फाइल साधी हार्ड डिस्कही त्याहून वेगाने वाचते. भारी प्रोसेसर घेऊन काय करणार? पैसे यूपीएसवर आणि बॅकअपच्या वेगळ्या डिस्कवर घाला. मी पहिल्याबाबत कंजुषी केली, ते वर आलंच.

पण सर्व्हरच्या 'असिंक' या सेटिंगच्या मोहात पडू नका. एरवी मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री होईपर्यंत लॅपटॉप तो धरून ठेवतो आणि सर्व्हर मधेच रीस्टार्ट झाला तर पुन्हा पाठवतो. असिंक लावलं की सर्व्हर मजकूर रॅममध्ये असतानाच 'लिहिलं' म्हणून मोकळा होतो. वेग वाढतो खरा, पण त्याच क्षणी वीज गेली तर मजकूर गेला, आणि कुणाला पत्ताही नाही.

दुसरा खड्डा एका स्पेसचा. कोणत्या मशिनला काय मुभा, हे सर्व्हरवरच्या 'एक्सपोर्ट्स' नावाच्या फाइलमध्ये लिहितात. तिथे आयपी पत्ता आणि कंसातली परवानगी चिकटून लिहायची. मधे स्पेस पडली, तर त्या पत्त्याला फक्त वाचायची मुभा मिळते आणि लिहायची मुभा बाकी सगळ्या जगाला.

आणि ओळख? नेहमीच्या मांडणीत सर्व्हर पासवर्ड विचारत नाही; समोरचं मशिन जो युजर नंबर सांगेल तो खरा धरतो. लिनक्स पहिल्या युजरला बहुधा 1000 नंबर देतं. माझ्या लॅपटॉपवर मी 1000, मुलीच्या लॅपटॉपवर ती 1000. सर्व्हरच्या लेखी आम्ही बापलेक एकच.