थंडीतही सायकल चालवा, पण जपून



मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की पहाटे गोधडीतून उठवत नाही. नाशिककडे निफाडच्या शिवारात तर पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तरी धारा काढून दूध डेअरीवर पोचवायचेच असते आणि मुलांना शाळा गाठायचीच असते. दारात मोटारसायकल असली, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे कोणी पाहत नाही. तिच्यावर धूळ साचते आणि आपल्या अंगावर चरबी!

आपण म्हणाल, "दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" शंका रास्त आहे. पण नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, पाणी मोटरीवर आले. रक्तदाब आणि मधुमेह आता खेड्यातही आले आहेत. सायकलीवर मांड्या, पोटऱ्या, हृदय आणि फुफ्फुसे एका लयीत चालतात. अंगाचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांनाही त्रास कमी होतो. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. सपाट रस्त्याने ५ किलोमीटरवरचे गाव गाठायला २० ते २५ मिनिटे लागतात. आठवड्यातून ४ दिवस जाऊन-येऊन केले, की हिशेब पुरा होतो.

आधी अंग तापवा

गारठ्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून उठल्याबरोबर सायकल दामटू नका. घरातच हातपाय मोकळे करा आणि पहिली ५-१० मिनिटे सावकाश चालवा. शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये, एवढाच वेग ठेवा. श्वास नाकाने घ्या, तोंडावर मफलर असू द्या. दम्याच्या माणसाने औषध जवळ ठेवावे.

हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारून आणि ऊन आल्यावरच निघावे. चालवताना छातीत कळ आली, हात किंवा जबडा दुखू लागला, गार घाम सुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणून अंगावर काढू नका. तिथेच उतरून बसा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

कपडे आणि खाणे

एका जाड घोंगडीपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. अंग तापले की वरचा काढता येतो. घामाने ओली झालेली बंडी घरी येताच बदला, नाहीतर अंग गार पडते. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातांत घाला, पण ब्रेक नीट दाबता येतो ना, ते आधी पाहा. साडीचा पदर, ओढणी आणि मफलरची टोके आवरून घ्या. ती चाकात जाऊ देऊ नका. निघताना गूळ-शेंगदाणे खा. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या.

सायकलीची निगा

सीट बेताच्या उंचीवर हवी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली, की गुडघा सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. गारठ्याने चाकातली हवा थोडी उतरते, ती आठवड्याला पाहा. चेनला तेल द्या. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या बांधा.

दिसणे महत्त्वाचे

हे सर्वांत मोलाचे. उसाचा गाळप हंगाम याच दिवसांत असतो. धुक्यात बिनदिव्याची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते आणि जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मागून येणाऱ्या गाडीला आपली सायकलही तशीच दिसत नाही. म्हणून पुढे दिवा, मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि अंगात पांढरा किंवा पिवळा कपडा हवाच. चमकणारी पट्टी थोड्या पैशांत मिळते. ती सायकलीला लावा आणि आपल्या ट्रॉलीलाही लावा. धुके दाट असेल, तर दूध थोडे उशिरा गेले तरी चालेल.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या अनेक मुलींना सायकली मिळाल्या आहेत. आपल्या लेकीची सायकल आज संध्याकाळीच बाहेर काढा. तिचे ब्रेक आणि मागचा रिफ्लेक्टर स्वतः तपासा, आणि मग आपल्या सायकलीवरची धूळही झटका.