प्रकाश देणारी धातुयुक्त संयुगे : रचना आणि टिकाऊपणाचा प्रश्न

प्रस्तावना

८-हायड्रॉक्सीक्विनोलीन, म्हणजेच 'ऑक्सिन', हा अभिकर्मक रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या परिचयाचा आहे. भारमापन पद्धतीने अ‍ॅल्युमिनियमचे निर्धारण करताना त्याच्यामुळे मिळणारा पिवळसर अवक्षेप आपण गाळतो, वाळवतो, त्याचे वजन करतो आणि विसरून जातो. हेच संयुग १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अतिशय पातळ थराच्या रूपात वापरले आणि दहा व्होल्टपेक्षा कमी विद्युत दाबावर ठळक हिरवा प्रकाश मिळवला. आजच्या मोबाइल व दूरचित्रवाणीच्या सेंद्रिय पडद्यांची वाटचाल तेथून सुरू झाली. असे रेणू प्रकाश देतात एवढे पुरेसे नाही. ते हजारो तास टिकले पाहिजेत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अटीचा विचार केला आहे.

धातूचे प्रयोजन

दोन विद्युत अग्रांकडून आलेले इलेक्ट्रॉन व धन विवरे सेंद्रिय थरात एकत्र येतात, तेव्हा रेणू उत्तेजित होतो. स्पिनच्या नियमानुसार दर चार उत्तेजित अवस्थांपैकी सरासरी एक सिंग्लेट व तीन ट्रिप्लेट असतात. सामान्य सेंद्रिय रेणूत ट्रिप्लेटपासून मूलावस्थेकडे प्रकाश देऊन परतण्यास मज्जाव असल्याने तीन चतुर्थांश ऊर्जा बहुतांशी उष्णतेत वाया जाते. बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्लॅटिनमचे पॉर्फिरीन व पुढच्याच वर्षी इरिडियमचे फिनिलपिरिडीन संयुग वापरून ही ऊर्जा प्रकाशात आणली. जड अणुकेंद्रामुळे स्पिन व कक्षीय गती यांचे युग्मन प्रबळ होते आणि तो मज्जाव शिथिल होतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो, जो आपल्याकडील लेखनात वारंवार पुसट होतो. ऑक्सिनच्या संयुगातील अ‍ॅल्युमिनियम हलका आहे. त्याचे काम तीन लिगंडांना एका घट्ट रचनेत धरून ठेवण्याचे; प्रकाश लिगंडच देतो. इरिडियममध्ये मात्र धातूचे इलेक्ट्रॉन उत्तेजित अवस्थेत प्रत्यक्ष सहभागी असतात.

निळ्या रंगाची अडचण

लाल व हिरव्या रंगांसाठी इरिडियमची संयुगे पडद्यांत स्थिरावली. निळ्यासाठी उत्पादकांना दीर्घकाळ फ्ल्युओरेसन्ट रेणूंवर विसंबून राहावे लागले. कारण साध्या आकडेमोडीतून स्पष्ट होते. ६२० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची ऊर्जा सुमारे १९३ किलोज्यूल प्रति मोल, तर ४६० नॅनोमीटरच्या निळ्याची सुमारे २६०. कार्बन-नायट्रोजन एकेरी बंधाची सरासरी ऊर्जा तीनशेच्या आसपास आहे. निळ्या रंगाचा उत्तेजित रेणू म्हणजे बंध तुटण्याच्या काठावर उभा असलेला रेणू होय. त्यात दुसऱ्या उत्तेजित रेणूची किंवा विद्युतभारित रेणूची ऊर्जा मिळाली, की कोणताही साधा बंध सुरक्षित राहत नाही.

दुसरा धोका धातूच्या स्वतःच्या डी-कक्षकांचा. उत्तेजित अवस्थेची ऊर्जा वाढवत नेली की ती धातुकेंद्रित रिक्त, बंधविरोधी पातळीच्या निकट येते. इलेक्ट्रॉन तेथे गेला की धातू-नायट्रोजन बंध सैल होतो, लिगंड निसटतो व प्रकाश विझतो. यावर उपाय म्हणजे प्रबळ क्षेत्राचे लिगंड, विशेषतः कार्बीन, योजून ती पातळी वर ढकलणे. प्लॅटिनमला चारही बाजूंनी एकाच लिगंडाने वेढणे हाही उपाय आहे. एखादा बंध तात्पुरता सुटला तरी लिगंड दूर जाऊ शकत नाही. रंग निळसर करण्यासाठी फ्लोरीन जोडण्याची युक्ती सोपी असली तरी कार्बन-फ्लोरीन बंध यंत्रात तुटत असल्याचे आढळल्याने ती घातक ठरली. उत्तेजित अवस्था जितकी अल्पायुषी तितकी अपघाताची संधी कमी, हेही रचनेचे सूत्र आहे.

उष्णतेचा विचार खानदेशात तरी वगळता येणार नाही. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उन्हात उभ्या बंद मोटारीतील तापमान त्याहून बरेच अधिक असते. टीपीडी या सुरुवातीच्या विवरवाहक पदार्थाचे काच-संक्रमण तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसच होते. ते ओलांडल्यावर थर स्फटिकमय होऊन काळे डाग पडतात. ऑक्सिनच्या अ‍ॅल्युमिनियम संयुगात हे तापमान १७० अंशांच्या पुढे आहे. तथापि त्याचा धनभारित रेणू अस्थिर असल्याचे १९९९ मध्ये अझीझ व सहकाऱ्यांनी दाखवले. बाष्पाचाही त्यास उपद्रव होतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

नागपूर येथे संजय ढोबळे व थेजो कल्याणी यांनी युरोपियमच्या बीटा-डायकीटोन संयुगांवर काम केले आहे. येथे लिगंड ऊर्जा शोषून धातूकडे सोपवतो आणि युरोपियम ६१२ नॅनोमीटरच्या आसपास अत्यंत अरुंद, शुद्ध लाल रेषा देतो. त्यांनी युरोपियमच्या जोडीला यट्रियमसारखे धातू वापरूनही संयुगे तयार केली. रंगाच्या शुद्धतेत ही संयुगे इरिडियमपेक्षा सरस आहेत. परंतु उत्तेजित अवस्था इरिडियममध्ये एक-दोन मायक्रोसेकंद, तर येथे शेकडो मायक्रोसेकंद टिकते. त्यामुळे प्रवाह वाढवल्यावर कार्यक्षमता घसरते. शिवाय बीटा-डायकीटोन अतिनील किरणांत विघटित होतात. दुर्मीळ व महागड्या इरिडियमला पर्याय शोधताना हे दोन्ही दोष नजरेआड करता येत नाहीत.

जळगाव, धुळे व नंदुरबार येथील पदव्युत्तर विभागांपुढे यातून एक व्यवहार्य प्रश्न उभा राहतो. जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमची ऑक्सिन-सदृश संयुगे साध्या प्रयोगशाळेत तयार होतात. अतिनील दिव्याखाली ती चमकतात. एवढ्या आधारावर 'पडद्यांसाठी उपयुक्त' असा दावा करण्याची प्रथा प्रस्तुत लेखकास मान्य नाही. निर्वात कक्ष नसला तरी औष्णिक भारविश्लेषण, काच-संक्रमण तापमान, दमट हवेत ठेवलेल्या थराची दीप्ती आठवड्यागणिक किती घटते याची नोंद आणि ऋणाग्र-धनाग्र चक्रीय व्होल्टामितीत ऑक्सिडीकरण परतवता येते की नाही, एवढी माहिती बहुतेक ठिकाणी मिळवता येते. त्यांपैकी शेवटची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. धनभारित रूपात जो रेणू विद्युत अग्रावरच विघटित होतो, तो प्रकाशदायी थरात टिकण्याची शक्यता फारच कमी असते.