गावठाणावरचा ड्रोन: त्याला काय दिसतं, काय दिसत नाही

गावात ड्रोन येणार म्हटलं की आधी दवंडी होते, ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लागते आणि पारावर तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं, घरपट्टी वाढवायला आलेत. कुणी म्हणतं, सरकार जागा ताब्यात घेणार. कुणाला वाटतं, बांधाचा तंटा आता एकदाचा मिटणार. ड्रोनने गावठाण मोजण्याची केंद्र सरकारची 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं होतं. इतकी वर्षं उलटली, तरी पारावरचे तर्क बदललेले नाहीत.

बांधाचं आधी सांगून टाकू. ही मोजणी शेताची नाहीच, फक्त गावठाणाची आहे. इंग्रजांच्या काळात जमीन मोजली ती सारा ठरवायला. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी घेऊन शेतं मोजली गेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब त्यातलाच. शेतांना सर्व्हे नंबर पडले, पुढे सातबारा आला. घरांच्या जागेला सारा नव्हता, म्हणून तिच्या आत साखळी फिरलीच नाही. गावनकाशात गावठाणाचा एकच आकार काढून मोकळे झाले. मोठ्या गावांचा नंतर सिटी सर्व्हे झाला, लहान गावं तशीच राहिली. बांधाचा वाद असेल तर नेहमीची मोजणी मागवावी लागते, ड्रोनची वाट बघण्यात अर्थ नाही.

"नमुना ८ आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, आणखी काय पाहिजे?"

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. पावती हा ताब्याचा एक पुरावा होऊ शकतो, मालकीचा दाखला होत नाही. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. अमका जाऊन पन्नास वर्षं झालेली, त्याच्या घराचे तीन वाटे पडलेले, आणि रस्ताही मूळ जागी राहिलेला नसतो. अशा खतावरून जागा जमिनीवर दाखवायची म्हणजे गावातला एखादा म्हातारा शोधावा लागतो. नकाशाची खरी गरज इथे आहे.

"वरून ड्रोन सगळं टिपतो, आपल्याला काय करायचंय?"

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हा.

ड्रोन उडायच्या आधी लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची असते, तीही शेजाऱ्यासमोर. मग ड्रोन गावावरून सरळ पट्ट्यांत फिरतो आणि एकमेकांवर येणारे शेकडो फोटो घेतो. ते जुळवून १:५०० प्रमाणाचा नकाशा होतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाच मीटर. अचूकता पाच सेंटिमीटरच्या आसपास. यंत्राच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

पण यंत्राला वरून दिसतं ते छप्पर. भिंत दिसत नाही. कौलारू घराची वळचण भिंतीच्या फूट-दीड फूट पुढे असते. पागोळ्या ज्या पट्टीत पडतात ती पट्टी कुणाची, यावरून गावागावांत दावे चाललेत. फोटोत दोन घरांची छपरं भिडलेली दिसतात आणि मधला बोळ गायब होतो. सामाईक भिंत, आंब्याखाली झाकलेलं परसू, वाटण्यांनंतर एकाच छपराखाली पडलेल्या तीन चुली, यातलं काहीच वरून कळत नाही. म्हणून कर्मचारी नकाशा घेऊन दारोदार फिरतो, पडताळणी करतो, मग चौकशी होते, कागद बघितले जातात, हरकती घेतल्या जातात. त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार सनद आणि मिळकत पत्रिका.

यातलं कुठलं काम अवघड, ते आकड्यांतच दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशात ३.१७ लाख गावांवरून ड्रोन उडून झाला होता, पण मिळकत पत्रिका तयार होत्या सुमारे १.५३ लाख गावांच्या. उडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ही भिंत कुणाची, हे ठरायला.

आफ्रिकेतल्या रवांडा देशाने हे ओळखलं होतं. २००९ ते २०१३ या काळात तिथे जमिनीच्या सुमारे एक कोटी तुकड्यांची नोंद झाली. सेंटिमीटरच्या अचूकतेमागे ते लागले नाहीत. विमानातून घेतलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती गावात नेल्या, गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं आणि शेजारी समोर उभे असताना त्या फोटोवर पेनाने हद्द आखली. नकाशा ढोबळ होता, पण शेजाऱ्यांची संमती त्यात होती. माझ्या मते आपल्याकडे उलटं होतंय: यंत्राची अचूकता दांडगी आणि चौकशीच्या दिवशी अर्धं गाव कामावर.

रवांडातलं आणखी एक. नोंदणीकृत लग्न असलेल्या बायकांची नावं नवऱ्याबरोबर लागली. ज्यांचं लग्न कागदावर नव्हतं अशा अनेक जणी मागे राहिल्या. नकाशात रेघ कुठे आहे याइतकंच त्या रेघेच्या आत नाव कुणाचं आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे वारसनोंदच झाली नसेल, तर आजोबांच्या नावाची पत्रिका हातात येते आणि घरातल्या लेकी-सुना कागदावर कुठेच नसतात.

घरपट्टीची भीती सपशेल खोटी म्हणता येणार नाही. मागच्या बाजूला वाढवलेली, नोंद नसलेली खोली नकाशात दिसते, आणि ग्रामपंचायत तिच्यावर कर लावू शकते. ज्याने ओटा पुढे रेटत रस्त्यावर आणलाय त्याचाही ओटा दिसतो. सरकार जागा घेणार ही भीती मात्र निराधार आहे. उलट गावाचे रस्ते, चावडी, मोकळ्या जागा यांची हद्द पहिल्यांदा कागदावर येते, आणि हे गावाच्या फायद्याचं आहे. अतिक्रमण नकाशात आलं म्हणून कायदेशीर होत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

कर्जाचं आमिषही बेतानं घ्यावं. पत्रिका तारण म्हणून दाखवता येते, पण बँक फेडायची ऐपतही बघते. पेरूत १९९६ ते २००३ या काळात शहरी वस्त्यांतल्या सुमारे १२ लाख कुटुंबांना मालकीचे कागद मिळाले. त्यामुळे खासगी बँकांचं कर्ज फारसं वाढलं नाही, असं पुढे अभ्यासांत दिसलं.

कोकणातल्या वाचकांसाठी वेगळं. तिथे घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली, बरीचशी सातबाऱ्याच्या जमिनीवरच. जे घर गावठाणात नाही, त्याला या योजनेतून पत्रिका मिळणार नाही.

तुमच्या गावाचं काम अजून व्हायचं असेल, तर नोटिशीतली तारीख टिपून ठेवा. पुण्या-मुंबईला नोकरीला असाल तर त्या दिवशी रजा काढा. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसनोंद बरोबर घ्या, शेजाऱ्याला सोबत उभं करा, आणि मसुदा हातात आला की भिंत, बोळ, वळचण आणि नावं एकेक करून तपासा. चूक दिसली तर हरकत तिथेच लेखी द्या आणि पोच घ्या. पत्रिका पक्की झाल्यावर तीच चूक दुरुस्त करायला अपील करावं लागतं.