पाणी फिरतंय, तरी संगणक का तापतो?

संगणक दुरुस्तीच्या कामात मला मे महिन्यात कर्जत, खोपोली, खालापूरकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. लग्नाच्या चित्रीकरणाचं एडिटिंग सुरू केलं, की संगणक मंदावतो, कधी मध्येच बंद पडतो. ‘आत पाण्याचा कूलर आहे, मग तापतो कसा?’ असा प्रश्न असतो. ऐन हंगामात ग्राहकाला तारीख दिलेली असते आणि कुणीतरी सांगतं, ‘प्रोसेसर गेला, नवा घ्या.’ हजारो रुपयांचा हा खर्च बहुतेक वेळा अनाठायी असतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून दुसरीकडे नेतं. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवलेला असतो. त्यातून पंप पाणी फिरवतो. तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जातं आणि तिथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. म्हणूनच पुण्याच्या आयसर संस्थेतल्या २०१९ सालच्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही पाण्याचीच योजना आहे.

खोपोलीहून बोरघाट चढताना ट्रकच्या इंजिनाला हेच करावं लागतं. चढावर जोर जास्त, वेग कमी; रेडिएटरला हवा पुरेशी मिळाली नाही, की पाणी उकळतं. शेवटी सारा भार हवेवरच असतो. त्यामुळे संगणकातलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत सत्तर अंश दाखवणारा प्रोसेसर, पत्र्याखालच्या चाळीस अंशांच्या खोलीत तेच काम करताना साधारण पंच्याऐंशी दाखवेल. यात बिघाड काहीच नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर तर भरपूर कामाच्या वेळी पंच्याण्णवपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. मर्यादा आली, की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तरीही भागलं नाही, तर संगणक बंद होतो.

मग खरा दोष ओळखायचा कसा? तापमान किती आहे, यापेक्षा ते कसं चढतं ते पाहा.

काम सुरू करताच दोन-चार सेकंदांत आकडा उसळला आणि काम थांबताच खाली आला, तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. ठोकळ्याखालची पेस्ट वाळली असेल, स्क्रू एका बाजूला सैल असतील, किंवा नव्या कूलरचं प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण काढायचंच राहिलं असेल.

काही काम नसतानाही तापमान चढतच राहिलं, तर पंपाकडे पाहा. दोन्ही नळ्यांना हात लावा. पाणी नीट फिरत असेल, तर दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. एक गरम आणि दुसरी गार लागली, तर प्रवाह अडला आहे. खळखळ आवाज येत असेल, तर पंपात हवा शिरली असावी. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, म्हणजे हवा तिथे साठते, पंपात येत नाही.

अर्ध्या तासात हळूहळू तापमान वाढलं, तर दोष रेडिएटरचा, पंख्यांचा किंवा कोंदट खोलीचा. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. संगणक भिंतीला चिकटून असेल, तर पुढे ओढा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं.

काही गोष्टी मात्र करू नका. कारखान्यातून बंद करून आलेला कूलर उघडून पाणी भरू नका. भरता येणारी यंत्रणा असेल, तर तिच्यात बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी घालू नका. त्यातल्या क्षारांचा थर अरुंद वाटांमध्ये साचतो. उत्पादकाने सांगितलेलं द्रवच वापरा. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र जोडू नका. त्याने धातू गंजतो. बर्फाचा प्रयोग तर नकोच. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गार भागांवर दव धरतं आणि तेच थेंब सर्किटवर पडतात. गळती दिसली, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा.

महिन्यातून एकदा, एकच ठरावीक काम चालू असताना, खोलीचं आणि प्रोसेसरचं तापमान वहीत लिहून ठेवा. दोन्हींतला फरक तोच राहिला, तर दोष उन्हाळ्याचा. तो वाढत गेला, तर कूलरचा. दुरुस्तीला जाताना ही वही बरोबर न्या. ‘प्रोसेसर गेला’ असं कुणी म्हटलं, तर आधी ती पुढे करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)