अवजार घेताना पुस्तिकाही घ्या

आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला लागते. वाटेत जंजिरा दिसतो. होडी तटाला भिडेपर्यंत या किल्ल्याचा दरवाजा नजरेला पडत नाही. दिघी बंदराला मात्र आज दोन तऱ्हेचे दरवाजे राखावे लागतात: जेटीवरचे आणि संगणकातले. 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी शस्त्रे दिघीच्याच जेटीवर उतरली होती. पहारा ढिला पडला की काय होते, हे या किनाऱ्याला वेगळे सांगायला नको.

संगणकातला पहारा ढिला पडल्याचे परिणामही रायगड जिल्ह्याने भोगले आहेत. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरचे संगणक बंद पाडले. त्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्यांचे टर्मिनलही सापडले आणि काम हाताने करण्याची वेळ आली. नॉटपेट्या विंडोजमधल्या ज्या त्रुटींतून पसरला, त्यांतल्या एका मोठ्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

अशी त्रुटी आपल्याकडे आहे का, हे आधीच तपासणारी अवजारे लिनक्सवर फुकट मिळतात. गॉर्डन लायन यांनी 1997 मध्ये आणलेले ‘एनमॅप’ त्यांतले सर्वांत परिचित. संगणकावरचे कोणते पोर्ट उघडे आहेत, हे ते दारोदार टकटक करून सांगते. वेगळे काही सांगितले नाही तर ते नेहमीच्या वापरातले 1,000 पोर्ट तपासते.

अडचण सुरू होते ती हे अवजार बसवताना. छोटे सर्व्हर, डॉकरच्या ‘स्लिम’ आवृत्त्या, उबुंटूची ‘मिनिमल’ आवृत्ती यांत जागा वाचवण्यासाठी माहितीपाने गाळलेली असतात. पॅकेजे बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’च्या सेटिंगमध्ये ‘पाथ-एक्स्क्लूड’ अशी ओळ असते. तिच्यामुळे प्रोग्रॅम बसतो, पण त्याची पुस्तिका डिस्कवर उतरतच नाही. मग पुस्तिका उघडणारी ‘मॅन एनमॅप’ ही आज्ञा टाइप केली तरी हाती काही लागत नाही.

त्याने काय बिघडते? एनमॅपमधल्या दोन स्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक तपासणी करणारे छोटे प्रोग्रॅम, शेजारी ठेवून पाहा. नावे जवळपास सारखीच, फक्त शेवटचे आकडे वेगळे. ‘एमएस17-010’ नॉटपेट्याने वापरलेली त्रुटी शोधते आणि ती ‘सेफ’ वर्गात मोडते. ‘एमएस08-067’ त्याहून जुनी त्रुटी शोधते, पण तपासणी चालू असतानाच समोरची यंत्रणा कोसळू शकते. हा इशारा लिहिलेला असतो तो स्क्रिप्टच्या माहितीत, आणि ती माहिती कशी उघडायची हे पुस्तिका सांगते. ती न वाचता चालत्या बंदरावर दुसरी स्क्रिप्ट सोडणारा माणूस पहारेकरी राहत नाही, तोच हल्लेखोर ठरतो.

औद्योगिक यंत्रे तर फारच नाजूक असतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेत एक घटना नोंदवलेली आहे. नेटवर्कवर साधी ‘पिंग’ तपासणी चालू असताना नऊ फूट लांबीचा एक यांत्रिक हात अचानक जागा झाला आणि 180 अंशांत फिरला. त्या हाताच्या जागी बंदरातली क्रेन डोळ्यांसमोर आणा.

उपाय अवघड नाहीत. उबुंटूवर ‘अनमिनिमाइझ’ ही आज्ञा गाळलेली पाने परत आणते. डेबियनवर ती ‘पाथ-एक्स्क्लूड’ ओळ काढून पॅकेज पुन्हा बसवा. फेडोरात ‘नोडॉक्स’ हा पर्याय काढा. काही अवजारांची सविस्तर पुस्तिका ‘डॉक’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असते, तीही घ्या. हे सगळे चांगले नेटवर्क असताना घरीच उरका, ऐन कामाच्या जागी रेंज मिळेलच असे नाही. यातले काहीच हाताशी नसेल तर ‘--हेल्प’ आहे, तो मजकूर प्रोग्रॅमच्या पोटातच असतो. ‘--स्क्रिप्ट-हेल्प’ने प्रत्येक स्क्रिप्टचा वर्ग कळतो, तो पाहिल्याशिवाय एंटर दाबू नका.

आणखी एक कागद हवाच: यंत्रणेच्या मालकाची लेखी परवानगी. तिच्याशिवाय अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

रायगडच्या किनाऱ्यावर बंदरे वाढत आहेत, तसे त्यांच्या संगणकांवर पहारा देणारे तरुण इथल्याच गावांतून तयार व्हायला हवेत. त्यांना माझे एवढेच सांगणे: डिस्कवर जागा कमी पडली तर दुसरे काहीही काढा, पुस्तिका काढू नका.