चालत्या गाडींतील शीतपेटी

घरांतील शीतपेटी, म्हणजे ज्यास लोक सामान्यतः 'फ्रिज' म्हणतात ती वस्तु, आतां आमच्या विद्यार्थ्यांस नवलाची राहिलेली नाहीं. भिंतीपाशीं ती स्थिर उभी असते, तारेंतून तिला वीज मिळते, आणि बिघडली तर कारागीर घरीं येऊन दुरुस्त करून जातो. परंतु तीच पेटी चालत्या गाडींत बसविली कीं हे तिन्ही आधार एकदम सुटतात. गाडी हिंदकळते, उतारावर उभी राहते, विजेच्या तारेचा संबंध तुटतो, आणि बिघाड होतो तो बहुधा अशा ठिकाणीं कीं जेथें कारागीरहि नाहीं व दुसरी पेटीहि नाहीं. अशा स्थितींत शीतपेटीवर कितपत भरंवसा ठेवावा, ती केव्हां दुरुस्त करावी आणि केव्हां काढून टाकून तिच्या जागीं दुसरी बसवावी, हें या लेखांत थोडक्यांत मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय दूरदेशीच्या धनिकांचाच आहे असें कोणी समजूं नये. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं 'कॅरॅव्हॅन' पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचें घर. तींत निजण्याची सोय, लहानसें स्वयंपाकघर आणि एक शीतपेटी असते. अशी गाडी घेऊन लोणारचें सरोवर पाहावयास निघालेला प्रवासी आमच्या वाशीम जिल्ह्याच्या वाटेनेंहि येऊं शकतो. त्याची पेटी बिघडली तर दूध नासेल, भाजी सुकेल, हानि तेवढीच. परंतु याच रस्त्यांवरून दुसरीहि एक थंड पेटी जात असते. तिच्यांत बालकांस टोंचावयाची लस असते, आणि ती मानोरा तालुक्यांतील एखाद्या तांड्यावर जावयाची असते. ती पेटी बिघडली तर होणारी हानि डोळ्यांस दिसत नाहीं. लस नासली तरी तिला वास येत नाहीं; बालकास टोंचलें जातें, मातेचें समाधान होतें, आणि रक्षण मात्र मुळींच होत नाहीं. म्हणून प्रवाशाच्या पेटीवरून जें शिकतां येईल तें या दुसऱ्या पेटीस लावून पाहणें हाच आमचा हेतु आहे.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानांत धरावी. थंडी म्हणून कांहीं वस्तु उत्पन्न करितां येत नाहीं. उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेतां येते, इतकेंच. मातीच्या माठांतील पाणी झिरपून त्याची वाफ होते, ती वाफ जातांना उष्णता घेऊन जाते, आणि मागें राहिलेलें पाणी गार होतें. शीतपेटींतहि हेंच घडतें. भेद एवढाच कीं माठांतील वाफ हवेंत निघून जाते, आणि पेटींतील वायु पुन्हां पकडून त्याचा द्रव करावा लागतो. हें पकडण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत, आणि गाडींतील पेटीच्या विश्वसनीयतेचा सारा वाद या दोन मार्गांतील आहे.

पहिला मार्ग शोषणाचा. फ्रान्स देशांतील फर्डिनांड कारे यानें १८५९ च्या सुमारास अमोनिया वायु पाण्यांत शोषून घेऊन थंडी मिळविण्याचें यंत्र केलें. पुढें १९२२ सालीं स्टॉकहोम येथील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं त्यांत अशी सुधारणा केली कीं यंत्रांत एकहि हलणारा भाग उरला नाहीं. १९२५ सालापासून इलेक्ट्रोलक्स कंपनीनें तें बाजारांत आणिलें. यांत खालच्या बाजूस एक तापपात्र असतें. त्याखालीं लहानशी ज्योत लाविली, मग ती रॉकेलची असो वा गॅसची, कीं पाण्यांतील अमोनिया वायुरूपानें बाहेर पडतो, वर जाऊन निवतो व द्रव होतो. हा द्रव पेटीच्या भागांत उतरतो. तेथें हायड्रोजन वायु भरलेला असल्यानें अमोनियावरील स्वतःचा दाब कमी होऊन तो पुन्हां वाफाळतो, आणि अन्नाची उष्णता ओढून घेतो. शेवटीं पाणी त्यास पुन्हां शोषून घेतें व फेरा पुरा होतो. ज्योतीपासून थंडी मिळावी हें ऐकणाऱ्यास कोडेंच वाटतें; परंतु ज्योत येथें थंडी करीत नाहीं, ती फक्त अमोनियास कामास लाविते. ज्या काळीं गांवोगांव वीज नव्हती, त्या काळीं दूरदूरच्या दवाखान्यांतून व बंगल्यांतून रॉकेलवर चालणाऱ्या अशाच पेट्यांनीं मोठी सेवा केली.

परंतु ज्या गुणामुळें हें यंत्र साधें, त्याच गुणांत त्याचा दोष आहे. यंत्रांतील सर्व द्रव केवळ आपल्या भारानें, उतरत्या नळ्यांतून वाहतो. पेटी समपातळींत उभी नसेल तर द्रव मध्येंच सांचून राहतो. तापपात्र कोरडें पडतें, पण ज्योत जळतच असते. आंत गंज धरूं नये म्हणून पाण्यांत सोडियम क्रोमेट नांवाचा क्षार घातलेला असतो. अति तापानें त्याचे खडे बनून बारीक नळ्या बुजतात, आणि तें यंत्र कायमचें निकामी होतें. येथें एक सूक्ष्म भेद आहे. गाडी चालत असतांना द्रव इकडून तिकडे हिंदकळतो व पुन्हां जागेवर येतो, म्हणून फारसा अपाय होत नाहीं. अपाय होतो तो गाडी उतारावर उभी करून पेटी तासन् तास चालू ठेविल्यानें. तात्पर्य, तिला धक्क्यांपेक्षां तिरकेपणाचें भय अधिक. शिवाय विदर्भांतील वैशाखांत हवाच ४० अंशांच्या वर गेली कीं अमोनियास निवावयास जागा उरत नाहीं, आणि पेटीची शक्ति अतिशय क्षीण होते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आग. अमोनिया व हायड्रोजन हे दोन्ही वायु आंत मोठ्या दाबाखालीं असतात. तापपात्राच्या नळीस तडा गेला आणि जवळच ज्योत असली तर अनर्थ ओढवतो. याच भयास्तव अमेरिकेंत २००६ सालीं डोमेटिक कंपनीनें नऊ लक्षांहून अधिक पेट्या दुरुस्तीकरितां परत बोलाविल्या. म्हणून विद्यार्थ्यांनीं एक खूण कायमची लक्षांत ठेवावी. पेटीच्या मागील बाजूस पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा नाकास झोंबणारा वास आला, तर ज्योत तत्काळ विझवावी, गॅस बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, आणि ती पेटी पुन्हां पेटवूं नये. तेथें दुरुस्तीचा विचार संपला. बदलण्याचा सुरू झाला.

दुसरा मार्ग दाबाचा. आमच्या घरांतील पेट्या याच जातीच्या. यांत कॉम्प्रेसर नांवाचा पंप वायूस दाबून त्याचा द्रव करितो. पूर्वीं असे पंप मोठ्या विजेवरच चालत, म्हणून गाडींत त्यांचा उपयोग नव्हता. आतां मात्र गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे लहान पंप मिळतात. ते बरेच तिरके झाले तरी काम सोडीत नाहींत, उन्हाळ्यांतहि थंडी टिकवितात, आणि त्यांस ज्योत लागत नाहीं. यामुळें जुनी शोषण-पेटी निकामी झाली कीं पुष्कळ प्रवासी तिच्या जागीं पुन्हां तसलीच न घेतां कॉम्प्रेसरची घेऊं लागले आहेत.

यांतील लाभ किती हें एका लहानशा गणितानें समजेल. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरींत १२०० वॉट-तास शक्ति असते. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिती करूं नये, म्हणून उपयोगाची शक्ति ६०० वॉट-तास. गॅस संपला म्हणून शोषण-पेटी बॅटरीवर चालविली तर तिला सुमारे १५० वॉट सारखे लागतात. ६०० भागिले १५०, म्हणजे चार तासांत बॅटरी संपली. कॉम्प्रेसरची लहान पेटी चालतांना सुमारे ५० वॉट घेते, पण ती अर्धा वेळ विसावा घेते असें धरिलें, तर सरासरी २५ वॉट. म्हणजे २४ तास चालली. कडक उन्हाळ्यांत तिला विसावा कमी मिळेल व हा काळहि घटेल. तथापि भेद स्पष्ट आहे. उलट पक्षीं, ज्यास आठवडाभर एकाच ठिकाणीं, विजेवांचून, थंड हवेंत मुक्काम करावयाचा आहे, त्यास एका गॅसच्या टाकीवर दीर्घकाळ चालणारी शोषण-पेटीच अद्यापि सोयीची. पेटी चांगली कीं वाईट हा प्रश्न नसून, ती कोणत्या कामास व कोणत्या हवेस योग्य, हा खरा प्रश्न आहे.

मात्र बदलण्याची घाई करूं नये. पुष्कळ वेळां पेटी मेलेली नसते, उपाशी असते. बॅटरीपासून पेटीपर्यंतची तार बारीक असली तर वाटेंतच व्होल्ट खर्चीं पडतात आणि पंप सुरूच होत नाहीं. तेथें नवी पेटी आणूनहि तीच गत होणार. दाराची रबरी कड सैल झाली असेल तर बाहेरची ऊब सारखी आंत शिरते. दारांत कागदाचा कपटा धरून दार लावावें, आणि ओढून पाहावा. सहज निसटला तर कड बदलावी. पेटीच्या मागील हवेची वाट धुळीनें वा कोंबलेल्या सामानानें बुजली आहे काय तेंहि पाहावें. या तीन गोष्टी तपासून, बॅटरी भरलेली आहे अशी खात्री करून, मगच पेटीस दोष द्यावा. शोषण-पेटीचें तापपात्र गरम होत असून आंत थंडी मुळींच येत नसेल, आणि पेटी समपातळींतहि असेल, तर मात्र नळ्या बुजल्या असें समजावें. अशी पेटी उलटी करून ठेविल्यास कधीं कधीं पुन्हां चालते, परंतु तो उपाय टिकाऊ नव्हे.

आतां लसीच्या पेटीकडे वळूं. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस उष्णतेनें सर्वांत लवकर नासते. तर धनुर्वात व कावीळ-ब यांच्या लसी गोठल्या तर नासतात. म्हणजे 'जितकें थंड तितकें बरें' हा समज येथें घातक आहे. लस अकोल्याच्या विभागीय भांडारांतून सुमारे ८० किलोमीटर वाशीमास येते, तेथून तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत, आणि तेथून वाडी-तांड्यांवर. आरोग्य केंद्रांतील पेटीच्या भिंतींत बर्फाचें अस्तर असतें. त्यामुळें दिवसांतून आठ तास जरी वीज मिळाली तरी आंतील थंडी टिकते. परंतु पुढच्या शेवटच्या वाटेवर, जेथें रस्ता सर्वांत वाईट व ऊन सर्वांत तीव्र, तेथें कोणतें यंत्र वापरितात? कोणतेंहि नाहीं! जाड भिंतींची एक लहान पेटी आणि तींत बर्फाच्या चार चपट्या डब्या, एवढेंच साधन.

हें मागासलेपण नव्हे. यांत खोल विचार आहे. एक ग्रॅम बर्फ वितळतांना ८० कॅलरी उष्णता गिळतो, आणि तोंवर त्याचें उष्णमान शून्यावरच राहतें. चार डब्यांत मिळून १६०० ग्रॅम बर्फ धरिला तर तो १,२८,००० कॅलरी गिळील. तितकेंच शून्य अंशाचें पाणी ८ अंशांपर्यंत तापेतों अवघ्या १२,८०० कॅलरी घेतें. बर्फास तार नको, ज्योत नको, समपातळी नको. धक्क्यानें तो बिघडत नाहीं. चालत्या वाटेवरील सर्वांत भरंवशाची शीतपेटी ती, जींत बिघडण्यासारखें यंत्रच नाहीं. तिचा एकच नियम आहे: फ्रीझरांतून काढलेला बर्फ लगेच भरूं नये; डबी हलवून आंत पाण्याचा आवाज ऐकूं येईपर्यंत थांबावें, नाहींतर लस गोठेल. या थांबण्यास फार वेळ लागत नाहीं, पण उतावीळ मनुष्यास तोच जड जातो.

आपल्या देशांत सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ सालीं सुरू झाला. पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्यें देश पोलिओमुक्त ठरला. या यशांत लस शोधणाऱ्या पंडितांचा वाटा आहे, तसाच दिवसांतून दोनदां उष्णमापक पाहून वहींत आंकडा लिहिणाऱ्या परिचारिकेचाहि आहे. २०१५ पासून टप्प्याटप्प्यानें पेट्यांना असे उष्णमापक लाविले गेले कीं ते आपण होऊन मोबाइलवर खबर देतात. तथापि खबर आल्यावर उठून जाणारा मनुष्य लागतोच.

प्रवाशाच्या पेटीस आणि लसीच्या पेटीस एकच न्याय लागू आहे. विश्वसनीयता ही यंत्र विकत घेतांना मिळत नाहीं. यंत्राचा स्वभाव ओळखणें, तें रोज तपासणें, आणि तें थकल्याचीं चिन्हें दिसतांच, पूर्ण बंद पडण्यापूर्वीं, बदलणें, या तिहींनीं ती राखिली जाते. शुभवर्तमानांतील दहा कुमारिकांच्या दृष्टांतांत दिवे दहाहि जणींपाशीं होते. भेद पडला तो तेलाच्या तरतुदीनें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें गाडी चालवील, कोणी दवाखान्यांत काम करील, कोणी यंत्रें दुरुस्त करील. ज्याच्या हातीं अशी पेटी येईल त्यानें झांकण उघडण्यापूर्वीं उष्णमापक पाहावा, आणि पाहिलेला आंकडा प्रामाणिकपणें लिहून ठेवावा.